रिकामा देव्हारा

इकडे उत्तरेत, शहराबाहेर चिनहटच्या पुढची आमची कारखान्याची वसाहत ओस का पडली, असं कुणी विचारलं की जुने शेजारी सांगतात, "शाळेची बस बंद झाली, मग राहणार कोण?" मीही मान डोलावत आलो. बस माझ्यामुळे बंद झाली, हे कधी बोललो नाही.

कारखाना बंद पडल्यावरही आम्ही काही कुटुंबं क्वार्टर्समध्ये टिकून होतो. निदान दहा मुलं असतील तरच बस आत आणेन, असं बसवाल्यानं बजावलं होतं. मुलं अकरा होती. गणपतीच्या आरतीनंतर मीच सगळ्यांकडून कबूल करून घेतलं, मार्चच्या परीक्षेपर्यंत कुणी हलायचं नाही. शेजारच्या वहिनींची मुलगी दहावीला होती.

दिवाळीनंतर मला शहरात, आलमबागेत घर मिळालं, माझ्या दोन्ही मुलांना तिथल्या शाळेत प्रवेशही. "अमरावतीला आई आजारी आहे, आठ दिवसांत येतो," म्हणून वहिनींकडे किल्ली दिली आणि निघालो. पुढे आईचं दुखणं लांबल्याचे निरोप पाठवत राहिलो. आई ठणठणीत होती. बस थांबली. वहिनींची मुलगी टेम्पोला लटकून शाळेत जायची. होळीनंतर एकेक घर उठलं.

परवा वहिनींकडे गेलो. त्या आता चारबागजवळ त्याच मुलीकडे राहतात. सगळं सांगून टाकलं.

"भावजी, मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"कुंड्यांना पाणी घालायला आत गेले, तर देव्हारा रिकामा! आठ दिवसांसाठी जाताना कुणी देव नेतं? दरवर्षी गावाला जाताना तुमचे देव माझ्याकडेच ठेवून जायचात की."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर सगळे दुसऱ्या दिवशीच सामान बांधायला लागले असते. रोज संध्याकाळी तुमच्या त्या रिकाम्या देव्हाऱ्यात दिवा लावायचे. खिडकीत उजेड दिसला की लोकांना वाटायचं, हे येणार, बस सुरू होणार. परीक्षेपर्यंत ढकललं तसंच."

मुलगी चहा घेऊन आली. "अंकल, बस में तो मैं सो जाती थी. लटक के गई, तभी फर्स्ट डिवीजन आया!"

निघताना वहिनी म्हणाल्या, "आता गावाला जाल तेव्हा देव इथे ठेवून जा."

उद्या अमरावतीला लग्नाला निघायचंय. आज सकाळी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा डब्यात घालून चारबागला नेऊन दिले.

"किती दिवस?" वहिनींनी डोळे बारीक करून विचारलं.

"आठ," मी म्हणालो, आणि खिशातून परतीचं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं.