शेवाळाचं क्रीम आणि विमलचा डावा हात

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली आमची जुनी मंडळी कुठल्या लग्नात भेटली की हात धुऊन तासभर झाला तरी खुर्च्या सोडत नाहीत. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दोन आठवतात! मी पण सांगतो. फक्त हल्ली माझ्या किश्शांना कोणी हसत नाही.

सत्तरचं दशक संपता संपता तिथल्या एका शेडमध्ये मी केमिस्ट म्हणून लागलो. कारखाना कसला, दहा-बारा माणसं! मागे सिमेंटच्या उथळ टाक्या, त्यात हिरवंगार पाणी. त्यातलं शेवाळ इतकं बारीक की डोळ्यांना नुसता रंग दिसायचा. ते गाळायचं, वाळवायचं आणि त्याचा अर्क चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालायचा.

टाकी ढवळणाऱ्या सिंधूमावशी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "घरी हौदाला शेवाळ धरलं तर सासू शिव्या घालायची. अन् लोक हे तोंडाला लावत्यात! लय शिकलेली हायेत बाबा!"

*

अर्क खोटा नव्हता, हे आधी सांगतो. ओलावा धरून ठेवायचा, कोरडी कातडी मऊ करायचा. एका थंडीत मावशींच्या टाचा रक्त येईपर्यंत फुटल्या. भांड्याच्या तळाला राहिलेलं क्रीम खरवडून मी त्यांना दिलं. पंधरा दिवसांत बाई सगळ्यांना पाय दाखवत फिरायला लागली, "बघा, नव्या नवरीच्या टाचा!"

आमच्या मालकाने, म्हणजे शेठनेही बघितल्या. दुसऱ्या दिवसापासून भांडी त्याच्या डोळ्यांसमोर धुवायची, असा नियम झाला. तळाचं क्रीम रोज गटारात जायचं.

*

शेवाळ वाढावं म्हणून टाकीच्या पाण्यात सोडा असायचा. बायकांचे हात सोलवटून निघायचे. रबरी हातमोजे होते, पण शेठच्या कपाटात, कुलपात! मुंबईचे व्यापारी बघायला आले की ते बाहेर निघायचे.

एकदा एका व्यापाऱ्याने कौतुकाने विचारलं, "वा! हे रोज घालता?"

पॅकिंगची विमल पटकन म्हणाली, "तुम्ही रोज या, आम्ही रोज घालू!"

सगळे हसले. शेठही हसला. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मोजे परत कपाटात गेले.

*

ही विमल मॅट्रिक झालेली, चुणचुणीत. वडील वारलेले, आई अंथरुणाला खिळलेली, घर हिच्या एकटीच्या जिवावर. तिला एकच पाहिजे होतं, पर्मनंट व्हायचं. आणि ते शेठला पक्कं ठाऊक होतं.

आमची लॅब म्हणजे मी आणि एक तराजू. क्रीम कातडीला बाधतं की नाही हे बघणार कसं? शेठने युक्ती काढली. प्रत्येक बॅच विमलच्या डाव्या हाताला लावायची, कोपराच्या आतल्या बाजूला, आणि वर पट्टी बांधायची. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून मी रजिस्टरात लिहायचं, 'त्वचेला त्रास नाही', आणि खाली सही ठोकायची. बदल्यात शेठचा शब्द, "पुढच्या यादीत तुझं नाव."

तीन वर्षं पोरीने हात पुढे केला. वर मलाच चिडवायची, "भाऊ, उजव्याला हात लावायचा नाही. तो लग्नाला ठेवलाय!"

*

एका मे महिन्यात उन्हाने टाकीतलं शेवाळ मेलं. पाणी तपकिरी झालं, असा वास सुटला की जवळ उभं राहवेना. मी म्हटलं, "शेठ, हे फेकू या."

"फेकतोस काय? सेंट वाढव!"

बॅच निघाली. दुसऱ्या दिवशी विमलची पट्टी सोडली तर कातडी लाल, वर फोडच फोड. मी पेन उघडलं. तिने माझं मनगट धरलं.

"भाऊ, सोमवारी यादी लागतीये. आता माल अडला तर शेठ माझं नाव खोडतील. त्रास नाही, असंच लिहा."

मी लिहिलं. तिच्यासाठी लिहिलं, असं आजवर सांगत आलोय. खोटं आहे ते. मलाही शेठची भीती वाटत होती. भेकड होतो मी, दुसरं काय!

*

सोमवारी यादी लागली. विमलचं नाव होतं! तिने सगळ्यांना पेढे वाटले. आता फक्त डॉक्टरांची तपासणी उरली होती.

डॉक्टरांनी बाही वर करायला सांगितली. हात चिघळला होता. त्यांनी कागदावर लिहिलं, 'त्वचारोग. क्रीमच्या कामाला अनफिट.'

विमल तो कागद घेऊन तडक शेठच्या केबिनमध्ये आली. मी तिथेच उभा होतो.

"शेठ, हे आपल्याच क्रीमने झालंय."

शेठने रजिस्टर ओढलं. तीन वर्षांची पानं उलटत मोठ्याने वाचत गेला, "त्रास नाही. त्रास नाही. त्रास नाही." मग माझ्याकडे बघून, "काय हो केमिस्टसाहेब, सही तुमचीच ना?"

मी मान डोलावली.

"मग हे हिच्या घरचं दुखणं. मी काय करणार?" शेठ म्हणाला. पण त्यालाही कुठेतरी वाईट वाटलं असावं. त्याने कपाट उघडलं, एक नवी कोरी डबी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "लाव रोज. चांगलं असतं शेवाळ."

विमलने डबी उलटी करून पाहिली आणि शेठकडे न बघता मला विचारलं, "भाऊ, ही कुठल्या बॅचची?"