सुजेवरच्या गोळ्या

“आईला मेंदूसाठी गुडघ्याच्या गोळ्या? ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

हे वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही. माझा नवरा हिल्दार्दो बोलून गेला, क्षणभर चपापला, आणि पुन्हा सुरू झाला. सकाळी सासूबाईंना रक्ताची उलटी झाली. पोटात व्रण निघाला. काय देत होता, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा माझी नणंद अरासेली हिने सरळ सांगून टाकलं.

आता ती चुलीपाशी आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, थापत होती, पाठ आमच्याकडे.

सासूबाईंच्या माहेरच्या रक्तातच विसर आहे. पंचेचाळिशीच्या आसपास माणूस आधी शब्द हरवतं, मग घर, शेवटी घास गिळणंसुद्धा. जुनी माणसं करणी म्हणायची. अरासेलीने आधी मामाला भरवलं, मग मावशीला, मग आईला. लग्न राहिलं ते राहिलंच. “बरं झालं, नाहीतर नवऱ्यालाही विसरावं लागलं असतं,” म्हणायची.

आमच्यातलं कुणी गेलं की मेदेयीन शहरात या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना मेंदू द्यायचा आणि मग मूठमाती, अशी आता रीतच पडली आहे. त्यांची नर्स वरचेवर येते. मागे तिने सांगितलं होतं, मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. कचरा साचला की त्या खवळतात, शांतच होत नाहीत, चांगल्या पेशींनाही खातात. मेंदू आतून सुजतो.

अरासेलीने सूज तेवढी लक्षात ठेवली. कॉफी तोडणारे मजूर गुडघ्यांसाठी घेतात त्या गोळ्या ती आईच्या गूळपाण्यात विरघळवू लागली. आज नर्स फोनवर म्हणाली, त्या गोळ्यांनीच व्रण झाला, आणि मेंदूची सूज त्यांनी उतरत नाही. मोठ्या डॉक्टरांनीही करून पाहिलंय.

“जीव घेतला असतास तिचा,” हिल्दार्दो म्हणाला.

“तिला अर्धीच देत होते,” अरासेली वळून म्हणाली. “उरलेली अर्धी मी घेत होते.”

हिल्दार्दो खाली बसला. तो तिच्या पाठचा, त्याच रक्ताचा.

मी चुलीकडे पाहिलं. जाळीवर सगळ्या आरेपा नीट मांडल्या होत्या. खाली चूल पेटलेलीच नव्हती.

तिनेही पाहिलं. हात एप्रनला पुसले.

“उद्यापासून चूल नुबियाकडे,” ती माझं नाव घेऊन म्हणाली. “आई घरी आली की तिला तुम्ही भरवायचं, माझ्यावर सोडायचं नाही. आणि मी गेले की माझाही मेंदू देऊन टाका.”