तिखटमिठाची पुडी

अशा जवळ या बघू, दारात उभ्यानं ऐकण्यासारखं नाही हे. आणि रागावू नका, पण कुणी 'पुरे' म्हटलं की आणखी एक पोळी वाढायची ही तुमची खोड आधी सोडा. 'पुरे' म्हणजे लाजणं, असं आपण धरूनच चालतो. मीही तसंच धरलं, आणि एक मुलगी ओळखायला फार उशीर केला.

आमच्या वरच्या मजल्यावरची ती, पंधरा वर्षांची. वाढायचा डाव ताटाकडे निघायच्या आधीच तिचा तळहात आडवा यायचा, "पुरे!" म्हणून तिचं नावच पुरे पडलं. वडील नव्या कॉम्प्युटर कंपनीत, निम्मं वर्ष परदेशात. आई बँकेत. शाळा सुटली की पुरे माझ्याकडे.

जीभ मात्र अस्सल पुणेरी. मी म्हणाले, "अगं, वाऱ्यानं उडशील एक दिवस." तर म्हणे, "उडेन की. स्वारगेटला बसची वाट तरी बघायला नको." हसलो आम्ही. हसायला नको होतं. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालायला लागली, जिन्यात मधेच बसायला लागली, तेव्हा मी आग्रह सोडला. शब्द दिला तिला, "माझ्याकडे तुझं पुरे म्हणजे पुरे. आणि तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही." त्या दिवशी तिनं आपणहून वाटीभर वरणभात खाल्ला.

डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, नखरे नव्हेत, लगेच दाखल करा. पुरे ऐकेना. मग तिच्या आईनं ठरवलं, खडकवासल्याला कणसं खायला जातोय म्हणून सांगायचं. "काकू, तुम्ही असलात तरच ती गाडीत बसेल." मी बसले. वर, खरं वाटावं म्हणून कणसाला लावायच्या तिखटमिठाची पुडी बांधून घेतली. गाडी हॉस्पिटलच्या फाटकात वळली तेव्हा ती माझ्या हातातल्या पुडीकडे बघत राहिली.

दोन भेटींत तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या वेळी बोलली.

"लोक खोट्याला तिखटमीठ लावतात, ऐकलं होतं. तुम्ही पुडीच बांधून आणलीत, आजी."

"विचारलं असतं तर आली असतीस?"

"माहीत नाही. पण विचारायचं होतंत."

समोर पोळीभाजीचं ताट. एकेक घासाला डोळ्यांत पाणी. "घास घेतला की आतून कुणीतरी ओरडतं," म्हणाली. "इथल्या सिस्टर बसून राहतात. ताटात काय काय आहे ते सांगतात, लपवत नाहीत." ते शेवटचं माझ्यासाठी होतं.

बरी झाली, पण सावकाश. मधे एकदा पुन्हा घसरली, तेव्हा आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेली. मला कळवलं नाही. पुढे त्यांनी घर बदललं. आता हिंजवडीत नोकरी करते म्हणे. लोक म्हणतात, तुमच्यामुळे जीव वाचला. वाचला असेल. पण तिचा विश्वास होता तो माझ्यावर, आणि तोच मी गळाला लावला.

पुरे, हे तुझ्या कानावर आलं तर ये गं लवकर. खरंच खडकवासल्याला जाऊ. रिक्षा तू ठरव, रस्ता तू सांग, आणि पुडी तूच बांध. मी नुसती शेजारी बसेन.