चार बोटं मातीतलं डाळिंब

माझ्या सुनेनं उदगीरहून डाळिंबाचं झाड आणलं ते रेल्वेत मांडीवर ठेवून. तिच्या वडलांनी तीस वर्षं वाढवलेलं झाड. वाढवलेलं म्हणावं की वाढू न दिलेलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. व्याही वारल्यावर घरातलं ज्याला जे पाहिजे ते ज्यानं त्यानं घेतलं, हिनं तेवढं झाड मागितलं. तेव्हापासून ते नांदेडला आमच्या गच्चीवर आहे. त्याला बोन्साय म्हणतात हे मला तिनंच सांगितलं.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्याच्यापुढं उकिडवा बसलो तो बराच वेळ उठलोच नाही. खोड मनगटाएवढं, साल म्हाताऱ्या झाडाची असते तशी पिळवटलेली, आणि उंची जेमतेम हातभर. कुंडी परातीसारखी पसरट. मी औशाकडं वीस वर्षं डाळिंबाची बाग केली. तेल्या रोगानं बाग गेली, पण माझ्यासारखा बहर धरणारा त्या शिवारात दुसरा नव्हता, हे आजही कुणीही सांगेल. असलं डाळिंब मात्र मी बघितलं नव्हतं.

सून शाळेत शिकवते. मला मामा म्हणते. झाडाला ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, कुंडी पुसायची, आणि बस. तीन वर्षांत तिनं त्याला कात्री लावली नाही. वरून छड्यांसारख्या फांद्या सुटल्या होत्या. फूल एक नाही. पुष्कळदा मी तिला कात्री उचलून परत ठेवताना बघितलं.

"कामून ठेवलीस खाली?" मी विचारायचो.

"बाबांच्या हातचा आकार आहे, मामा. माझ्यानं बिघडला तर परत कोण करून देणार?"

"तू भितीस, म्हणून ते फुलंना. माझ्या ताब्यात दे एक महिना."

ती नुसती मान हलवायची. ती होकाराची नव्हती, हे मला कळत होतं.

आता ताण म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. डाळिंबाला बहर धरायचा तर आधी त्याला उपाशी ठेवायचं. पाणी तोडायचं. बुडाची माती उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचं. पानं पिवळी होऊन गळू लागली की छाटणी करायची, खत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. झाड असं फुटतं की लाल पालवीनं अन् कळ्यांनी भरून जातं. बागेत मी हे वर्षानुवर्षं केलं.

मे महिन्यात सुनेला आठ दिवस लातूरला प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना ती मला गच्चीवर घेऊन गेली.

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एक वेळसुद्धा चुकवू नका, मामा."

"हाव," मी म्हणालो.

आणि त्याच दिवशी पाणी तोडलं.

रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. "पाणी घातलं का?" "हाव." "दोन्ही वेळा?" "दोन्ही वेळा." माझी शाळा चौथीत सुटली, पण दिलेला शब्द मी फिरवत नाही, एवढीच माझी इज्जत. त्या इज्जतीवर मी रोज धडधडीत खोटं बोलत होतो, आणि खरं सांगायचं तर मला ते खोटं वाटतच नव्हतं. फुलं आली की दाखवू, मग तीच म्हणेल मामा बरोबर होते, असं मनात होतं.

आमच्या म्हातारीचे गुडघे गेलेत, ती गच्चीवर चढत नाही. पण तिला बादलीवरून कळलं.

"आवं, ही बादली कोरडी कशी? वर काय थुंकी घालून राहिले का झाडाला?"

"तू तुझ्या भाकरीचं बघ."

"माझी भाकर करपली तर मला दिसती. तुमचं तुम्हाला दिसंना."

तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडली. मी खूष झालो. चौथ्या दिवशी गळायला लागली, तशी मी कात्री घेतली. छड्या सगळ्या उतरवल्या. हात बसला म्हणून आणखी काही उतरवल्या. माती उकरली, तर मुळ्या कुंडीच्या आकारात गोल फिरलेल्या दिसल्या, त्याही कापल्या. सुनेच्या अवजारांच्या डब्यात तार सापडली, ती एका फांदीला गुंडाळून मी तिला वळण दिलं. कट्ट असा आवाज झाला. बारीकच होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी खत आणि बादलीभर पाणी.

सहाव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी खोडाची साल बोटाला सैल लागली, आजारी माणसाच्या दंडाची कातडी लागते तशी. मी कुंडी सावलीला सरकवायला उचलली तर बूड तव्यासारखं तापलेलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बागेतल्या झाडाला वरून ताण दिला तरी त्याची मुळी खाली खोल कुठंतरी ओल शोधून तगून राहते. इथं खाली काय होतं? चार बोटं माती, आणि मग सिमेंटची गच्ची. वीस वर्षं ज्याचा अभिमान बाळगला ते काम मी डोळे मिटून केलं होतं. कुंडी तशीच खाली टेकवून मी उन्हातच बसलो.

त्याच दुपारी सून आली. खांद्यावरची बॅगही न काढता वर आली.

"हे काय केलं, मामा?"

"ताण दिला."

"आणि पाणी?"

मी बादली पायानं मागं सरकवली.

"रोज फोनवर हाव म्हणत होतात तुम्ही."

हळूच बोलली. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, त्यात मी कुणाला ऐकत नाही. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. दार उघडावं आणि आत भलतंच घर दिसावं, तसं ती माझ्याकडं बघत होती. सत्तरी उलटली माझी, माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. मला माझे हात कुठं ठेवावेत कळेना.

तिनं नखानं साल खरवडली. तपकिरी. जरा खाली, तपकिरी. अगदी बुडाशी दोऱ्याएवढं हिरवं निघालं. तिनं कुंडी पाण्याच्या टाकीआड सावलीला नेली, ओंजळभर पाणी घातलं, आणि म्हणाली, "आता कुणी हात लावायचा नाही."

जेवताना ती मला वाढायची, पण बोलत नव्हती. आणि मला राहवत नव्हतं. ती शाळेच्या कामाला बाहेर पडली की मी वर जायचो. जिवंत आहे का बघायला नखानं जरासं खरवडायचो. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं. पाणी शिंपडायचो. कुंडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचो, पुन्हा जागेवर आणायचो.

दहाएक दिवसांनी तिनं मला हाक मारली. ती झाडाशी वाकून बसली होती.

"हे ओरखडे कुणाचे?"

"हिरवं हाय का बघत हुतो."

"जिथं हिरवं होतं तिथलंच तुम्ही खरवडून काढलं, मामा."

मी वाकून बघितलं. बुडाची एक बाजू उंदरानं कुरतडावी तशी झाली होती. ते आपण केलंय हे मला पटायला वेळ लागला.

त्या आठवड्यात विहीणबाई उदगीरहून आल्या. झाडाला भेटायला आले, म्हणाल्या. जिना चढून दम लागला तरी तोंड थांबलं नाही.

"व्याही, लेक दिली तवा तुम्ही म्हणाला हुता जपू म्हणून. बरं झालं, तिला ताण दिला न्हाई."

मी खाली बघितलं. मग त्या झाडापुढं बसल्या आणि वाळल्या खोडावरून हात फिरवला.

"आमचे हे एका साली एकच काम करायचे. फांदी छाटली तर मुळीला हात न्हाई. मुळी कापली तर तार न्हाई. आन् उन्हाळ्यात पाणी दुसऱ्याच्या भरवशावर सोडून माझ्या भावाच्या लग्नालाबी आले न्हाईत. मी लई भांडले तवा."

सून माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात विहीणबाई तिच्याकडं वळल्या.

"तू कामून त्यांच्याकडं बघतीस? तीन साल नुसतं पाणी घालून राहिलीस. तुझा बाप साल-दोन सालानं कात्री लावायचा, तवा तो आकार राहायचा. यांनी आठ दिवसांत मारलं, तू सावकाश मारत हुतीस."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. हेच मी तिला तीन वर्षं सांगत होतो, मला बरं वाटायला पाहिजे होतं. बिलकुल वाटलं नाही. खालून म्हातारी ओरडली, "वर समदे गप कामून? या जेवायला, का ताटं वर पाठवू?"

विहीणबाई परत गेल्यावर काही दिवसांनी, मी ओरखडे न काढलेल्या बाजूला, बुडाशी दोन लाल ठिपके दिसले. नव्या फुटीचे डोळे. मी सुनेला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मला माहीत आहे. चार दिवस झाले." मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी पुन्हा काहीतरी केलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

वरचं सगळं खोड मेलं होतं. वाळलेलं तसंच ठेवलं तर कूज खाली उतरणार, ते कापणं भाग होतं. म्हणजे तीस वर्षांचा सगळा आकार. रविवारी सकाळी ती बारीक करवत घेऊन आली.

"मी करू का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही कुंडी धरा."

मी दोन्ही हातांनी कुंडी धरली. तिनं करवत टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मला वाटलं, ठेवणार ही खाली. मग तिनं ओढली. भुसा माझ्या मनगटावर पडत होता. खोड सुटलं ते तिनं हातात धरलं, छातीशी नाही, काही नाही, बाजूला ठेवलं. बुडाशी वीतभरही उरलं नव्हतं. कडेला अजून एक वाळका खुंट होता, माझी बोटं तिकडं गेली.

"राहू द्या तो. यंदा एवढंच."

मी हात मागं घेतला. मी म्हणालो, "पोरी, मी तुझ्याशी आठ दिवस खोटं बोललो."

"हो," ती म्हणाली.

बागेत छाटलेल्या जागेला आम्ही मोरचूद अन् चुन्याचा लेप लावायचो. तेवढा मी सकाळीच वाटीत कालवून ठेवला होता. तिनं वाटी उचलली, बोट बुडवलं आणि कापलेल्या जागेवर धरून थांबली.

"किती लावू, मामा?"

तिनं मला पुन्हा काही विचारावं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बागेतलं माप तोंडाशी आलं होतं. मी त्या वीतभरही नसलेल्या बुंध्याकडं बघितलं.

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "थोडं लाव. मग बगू."