मामीच्या मांडीवरचा दगड

ब्रेकच्या तेलाचा वास आला की मला मामीच्या मांडीवरचा दगड आठवतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मोताळ्याला मामांची इंग्रजांच्या काळातली मोटार होती. तिचे ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जात आणि राजूर घाटात मनात येईल तेव्हाच लागत. म्हणून मामी मागच्या सीटवर दगड घेऊन बसे आणि चढावर गाडी मागं घसरू लागली की उतरून तो चाकाखाली सरकवी. पुढं एका पुढाऱ्याला त्या मोटारीतून मिरवायचं ठरलं, तेव्हा मामांनी तेलाचे ब्रेक बसवायला काढले. मलकापूरच्या दुकानात जीपच्या तेलाच्या ब्रेकचं सामान पाहताना ते म्हणाले, “पुढच्या दोन चाकायले पुरे. मागं सळया हायेतच. त्यापेक्षा एक चकचकीत भोंगा घेऊ.” मामी म्हणाली, “भोंगा वाजवून गाडी थांबते का हो? चारी चाकायले घ्या, नाहीतर हा दगड त्या पुढाऱ्याच्या मांडीवर द्या.” दुकानदार हसला. मामा हसले नाहीत, पण सामान चारी चाकांचं घेतलं. नवे ब्रेक बसले, पण पुढारी आलेच नाहीत. आठवड्याभरानं आम्ही तिघं घाट उतरत होतो, दगड अजून मामीच्या मांडीवरच होता, तेव्हा वळणावर कापसाची बैलगाडी आडवी आली. मामांनी पाय दाबला आणि मोटार बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली. मामीनं दार उघडलं, दगड रस्त्याच्या कडेला नीट ठेवला आणि म्हणाली, “चाला आता.” त्या वळणावर मी अजूनही गाडी हळू करतो. कडेचे दगड सगळे सारखेच दिसतात, तरी एखाद्याला नमस्कार करावासा वाटतो.