देवाला न चालणारं फूल

उदगीरला आमच्या गल्लीत केवळाबाईंची खिडकी अगदी रस्त्याला लागून. खिडकीत लांबट कुंडी, वर दोन टांगत्या टोपल्या. हौस दांडगी, पण हिवाळ्यात आणलेली नाजूक रोपं ऊन तापलं की माना टाकायची. त्यावर हदगावच्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई, लक्ष्मीबाई, भर पंगतीत म्हणाल्या, "केवळाच्या हाताखाली निवडुंगही वाळतंय." बाईंना ते लई झोंबलं. येत्या दसऱ्याला जाऊबाई येतील तेव्हा खिडकी भरलेली दिसलीच पाहिजे, असा त्यांनी पणच केला.

मग दरसाल तगणारी सदाफुली लावली. ती बहरली आणि पंचाक्षरी आप्पांच्या नजरेत भरली. आप्पा माझे जुने स्नेही, म्हणून जपून सांगतो: पहाटे पिशवी घेऊन फिरणारा एवढा भाविक माणूस गल्लीत दुसरा नाही. देवासाठी तोडलेल्या फुलाला आपल्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. बाई बोलणार काय? रोज नुसते देठ उरायचे.

शेवटी त्या चांदपाशाच्या नर्सरीत गेल्या.

"भाई, टोपलीतून खाली लोंबणारं द्या. दरसाल पुन्हा फुटणारं. अन् देवाला न चालणारं!"

"भाभी, असं मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघून राहिलो," म्हणत चांदपाशानं जांभळ्या फुलांची, लोंबती घाणेरी काढली. "उन्हात ठेवा, बिनधास्त छाटा, परत फुटंल. पाल्याचा वास घेऊन बघा. कुणी हात लावणार न्हाई."

दसऱ्याच्या पहाटे आप्पांनी टोपली खाली ओढली, नाक लावलं आणि झटक्यात मागं सरले. तेवढ्यात बाईंनी खिडकी उघडली.

"वहिनी, आता सदाफुली नाही?"

"होती की, आप्पा. देवानं नेली."

दुपारी जाऊबाई आल्या. खिडकीपुढं थबकल्या. "अगं बया, घाणेरी! आमच्या बांधावर हिला शेळी तोंड लावत न्हाई."

"म्हणून तर टिकली, अक्का."

अक्का आत येऊन बसल्या. पण चहा पिताना डोळे सारखे खिडकीकडे.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर सहजच गेलो होतो. जाऊबाई हदगावला परतायला नांदेडच्या गाडीत चढताना त्यांच्या पिशवीत, आपट्याच्या पानांखालून, जांभळं फूल डोकावत होतं. अशी बातमी पोटात ठेवणं माझ्या प्रकृतीला झेपत नाही. तडक केवळाबाईंकडं गेलो.

त्यांनी टोपली चाचपली. मधली चांगली जाड फांदी मोडलेली.

"नेली व्हय?" बाईंचा चेहरा असा काही फुलला म्हणता! "नेऊ द्या. परत फुटंल."