सहावीचा गृहपाठ आणि गावची ग्रामसभा

“त्या बाईची बदली करा, नायतर शाळेला कुलूप ठोकतो,” सरपंच फोनवर ओरडत होते. आमच्या साहेबांनी, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी, फोन कानापासून लांब धरला होता. समोर बसून मलाही सगळं ऐकू येत होतं.

फोन ठेवून साहेब म्हणाले, “मॅडम, बिडकीनच्या पुढचं गाव. तुमचंच बीट. जाऊन या आणि अहवाल द्या.”

मी तेव्हा शिक्षण विस्तार अधिकारी होते. बीट म्हणजे आमच्या देखरेखीखालच्या शाळा. पदाचं नाव मोठं, पण निम्मा वेळ भांडणं मिटवण्यातच जायचा.

तक्रार अशी की, साळवे बाई सहावीच्या पोरांना राजकारण शिकवतात. बाई तरुण होत्या, शहरातून रोज स्कूटीनं यायच्या. मी गेले तेव्हा बदलीच्या धास्तीनं त्यांचा चेहरा उतरलेला होता, आवाज मात्र पक्का.

“नागरिकशास्त्रात ग्रामसभेचा धडा आहे, मॅडम. मी गृहपाठ दिला. मागची ग्रामसभा कधी झाली, काय ठरलं, ते घरी विचारून या.”

“मग?”

“एकानंही लिहून आणलं नाही. घरात कुणालाच माहीत नव्हतं.”

पुढचं मी ओळखलं. पोरांनी विचारलं म्हणून आयांनी बापांना विचारलं आणि बापांनी पारावर विषय काढला. सभा होतच नव्हती. रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतल्या की झाली ग्रामसभा.

तशीच सरपंचांच्या घरी गेले. चहा आला. राग खरा कुठं होता ते चहासोबतच कळलं.

“माझी नात त्याच वर्गात हाय,” ते म्हणाले. “पाव्हणे जेवायला बसलेले. त्यांच्यासमोर विचारती, आजोबा, बायांची सभा आधी घ्यावी लागती, तुम्ही घेतली का? म्या काय बोलावं?”

“घेतली होती का?”

“तशी सभा असती हेच मला कुठं ठावं होतं?”

मी हसू दाबलं. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे. मग शिक्षणहक्क कायदा मोबाइलवर काढला. शाळेत काय नि कसं शिकवावं, याचं त्यात एक कलम आहे. शिक्षण राज्यघटनेच्या मूल्यांना धरून असावं, मुलाची भीती जावी, त्याला मोकळेपणानं मत मांडता यावं. एवढं सोप्या भाषेत सांगितलं.

“म्हंजे बाईची चूक नाय?”

“नाही. बाईंनी कायद्यात आहे तेच केलं.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “मग आता म्या काय करू?”

“सभा घ्या. खरी. शाळेचं पटांगण आहेच.”

बाईंची चूक नाही, असा अहवाल बघून दुसऱ्या दिवशी साहेब वैतागले. “कशाला वाढवता, मॅडम? बाईंना दुसरी शाळा देऊ, विषय संपला.”

“मग या तालुक्यात तो धडा पुन्हा कुणी शिकवणार नाही, सर.”

“अहवालावर सही तुमची राहील. वरून विचारलं तर उत्तर तुम्हीच द्यायचं.”

“देईन.”

सही केली.

गावात दवंडी पिटली. आधी महिलांची सभा झाली. पहिल्यांदा सगळ्या नुसत्या पदर सावरत बसल्या. मग कंपनीत कामाला जाणारी एक सून उठली. “शिफ्टची बस फाट्यावर सोडती. तिथून गावापातूर लई अंधार. आम्ही बाया हात धरून पळत येतो. दिवे लावा.”

मग सगळ्याच बोलायला लागल्या. ठराव मुख्य सभेत गेला आणि मंजूर झाला. सहावीचा वर्ग मागं सतरंजीवर बसून बघत होता. मतदार नसल्यानं पोरांना बोलता येत नव्हतं. त्यांना गप्प बसवताना बाईंचा जीव मेटाकुटीला आला.

फाट्याच्या रस्त्यावर दिवे लागले. साळवे बाई त्याच शाळेत राहिल्या. सरपंचांनी तक्रार लेखी मागं घेतली नाही, फक्त परत फोन केला नाही. आमच्या खात्यात यालाच प्रकरण मिटलं म्हणतात.

नागरिकशास्त्राला मार्क थोडे, म्हणून बऱ्याच शाळा ते शेवटी उरकून टाकतात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक सवय ठेवली. ज्या गावातून या विषयाची कधीच तक्रार यायची नाही, तिथला वर्ग आधी तपासायचे.